पाण्यापासून पाचवी पायरी

मागे भाचीने शिकागोहून व्हॉट्सअॅपवर एक फोटो टाकला, खाली लिहिलं होतं "आत्या, ओळख कुठला घाट". फोटोत नदी, नदीला उतरत जाणाऱ्या रुंद पायऱ्या, पायऱ्यांमध्येच वाढलेली झाडं, आणि लोक आपले डबे उघडून बसलेले. मागे काचेच्या उंच बिल्डिंगा नसत्या तर मी खरंच एखाद्या तीर्थक्षेत्राचं नाव सांगितलं असतं. ती तिकडे आर्किटेक्चर शिकतेय. त्या जागेला रिव्हर थिएटर म्हणतात, शिकागो रिव्हरवॉकचा तो एक तुकडा, २०१५ मध्ये लोकांसाठी खुला झाला, डिझाइन सासाकी आणि रॉस बार्नी या दोन फर्मचं, अशी सगळी माहिती तिने पाठोपाठ तीन व्हॉइस नोट करून पाठवली. आणि शेवटी म्हणे, कॉलेजात याला शिल्पासारखं घडवलेलं लँडस्केप म्हणतात, म्हणजे बाक आणून ठेवायचे नाहीत, जमिनीलाच असा आकार द्यायचा की माणूस आपोआप बसेल.

मी म्हटलं बाई, हे तुझ्या आजीला सांग. तिचं माहेर वाईचं. जमिनीला आकार दिला की माणूस बसतो हे तिला लहानपणापासून माहिती आहे, फक्त त्याला काय म्हणतात ते कुणी सांगितलं नव्हतं.

तर आईला घेऊन मी माघात वाईला गेले होते, त्याबद्दल लिहायचं कधीपासून राहून गेलंय. आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि दुसरा "रांगेत उभा आहे" असं ती स्वतःच म्हणते. त्यामुळे कुठे जायचं म्हटलं की आमच्या घरात पहिला प्रश्न असतो तिथे बसायला आहे का. मंदिरात बसायला आहे का, बँकेत आहे का, लग्नाच्या हॉलमध्ये सोफ्याला हात आहेत का (हात नसले तर उठता येत नाही, हे ज्यांच्या घरात गुडघे आहेत त्यांना माहिती). वाईला मात्र तिने हा प्रश्न विचारलाच नाही. मी विचारला तर म्हणाली, "अगं घाट आहे की."

वाईत कृष्णेला किती घाट आहेत हे वाईकरांना तोंडपाठ असतं आणि आई अजून आळीच्या हिशोबानेच बोलते, गंगापुरीचा, मधल्या आळीचा, गणपती आळीचा, धर्मपुरीचा. नदीला ती नदी म्हणत नाही, कृष्णाबाई म्हणते. थंडी सरता सरता कृष्णाबाईचा उत्सव असतो तेव्हा एकेका घाटाची पाळी येते, घाटावर मांडव पडतो, देवी येऊन बसते, कीर्तन होतं, जेवणाच्या पंगती बसतात. अफजलखान आला तेव्हा बोललेला नवस म्हणून हा उत्सव सुरू झाला असं तिकडे सांगतात. म्हणजे बघा, घाट नुसता पाण्यात उतरायला नाही, तो मांडव घालायला, जेवायला, कीर्तनाला बसायला पण आहे. अख्खं गाव मावेल अशी बैठक.

गणपती आळीच्या घाटावर ढोल्या गणपतीचं देऊळ आहे, ते बऱ्याच जणांनी बघितलंय, पण बहुतेक सगळे समोरून बघून जातात. पाठीमागे जा कधीतरी. देवळाची मागची भिंत सरळ नाही, माशाच्या तोंडासारखी निमुळती होत गेलेली आहे, आणि तिचं टोक पुराचं पाणी येतं त्या बाजूला केलंय. पूर आला की पाणी भिंतीवर धडकायच्या ऐवजी दोन्हीकडून फाकून निघून जातं. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ मध्ये हे देऊळ बांधलं आणि नदीच्या इतकं जवळ बांधून ते अजून उभं आहे. मला ही भिंत आतल्या मूर्तीइतकीच शिल्प वाटते, आई म्हणते असं बोलू नये. असो.

आम्हाला खरं जायचं होतं मेणवलीला. वाईपासून तीनेक किलोमीटर, रिक्षाने पाच-दहा मिनिटं. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याच्या मागे घाट. १७६८ मध्ये औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी हे गाव नानांना दिलं आणि मग नानांनी वाडा बांधला, नदीला घाट बांधला, घाटावर मेणेश्वराचं आणि विष्णूचं अशी दोन देवळं बांधली. १७८० च्या आसपासचं हे काम. सिनेमावाल्यांचं शूटिंग तिथे इतक्या वेळा झालंय की पहिल्यांदा जाणाऱ्यालाही आपण इथे आधी येऊन गेलोय असं वाटतं. आम्ही गेलो त्या दिवशी एक प्रीवेडिंगवाले होते, नवरीचा घागरा पायऱ्यांवरून सोडायचा आणि ड्रोनने वरून घ्यायचं असं चाललं होतं, आणि चार पायऱ्या सोडून एक बाई निवांत चादरी आपटत होती. दोघांनाही एकमेकांची अडचण होत नव्हती. बरोबर त्या चादरी फ्रेममध्ये येणार नाहीत याची काळजी फक्त कॅमेरावाल्याला.

या घाटाची गंमत म्हणजे तो सरळ नाही, चंद्रकोरीसारखा वाकलेला आहे. मी आधीही दोनदा जाऊन आले होते आणि चंद्रकोर चंद्रकोर सगळेच म्हणतात म्हणून मीही म्हणत होते, पण तिथे दोन तास बसेपर्यंत त्याने नेमकं काय होतं हे लक्षात आलं नव्हतं. सरळ घाटावर ओळीत बसलेल्या माणसांना फक्त समोरचं पाणी दिसतं, शेजारी कोण बसलंय ते बघायला मान वळवावी लागते. वाकलेल्या घाटावर तुम्ही एका टोकाला बसलात तर दुसऱ्या टोकाचा माणूस समोरच येतो, मध्ये पाणी. म्हणजे एकटे बसता पण एकटे नसता. आईने तिथून पलीकडच्या धुणंवालीशी गप्पा सुरू केल्या, दोघींपैकी कुणीही आवाज फारसा चढवला नाही आणि तरी कुणाची सून कुठे नोकरीला इथपर्यंत माहिती पोचली.

आईला पायऱ्या उतरवायचं काम अवघड होतं हे कबूल करते. एक हात माझ्या खांद्यावर, एक हात काठीवर, आणि प्रत्येक पायरीला "थांब". धुणंवालीने खालूनच सांगितलं, "आज्जी, अगदी खाली नका येऊ, शेवाळ आहे, ती पाचवी पायरी बरी." पाचवी म्हणजे पाण्यापासून पाचवी. तिथे पायऱ्या वरून मोजत नाहीत, पाण्यापासून मोजतात. मला आधी ते कळलंच नाही, मी वरून मोजत बसले.

तर पाचव्या पायरीवर आई बसली आणि बसल्यावर म्हणाली, "खुर्चीसारखंच आहे गं." मला विश्वास बसेना म्हणून मी मोजलं. पट्टी कुठली असणार, वितीने मोजलं. एक पायरी माझ्या वितीएवढी उंच, कुठे बोटभर जास्त कुठे कमी. आई बसली होती पाचवीवर आणि तिचे पाय होते तिसरीवर, म्हणजे दोन विती. घरी आल्यावर डायनिंग टेबलच्या खुर्चीची उंची वितीने मोजली, दोन विती! एक पायरी चढायला, दोन पायऱ्या बसायला. लहान मूल असेल तर एकाच पायरीवर पाय टेकवून बसेल, उंच माणूस तीन पायऱ्या खाली पाय सोडेल. ज्या पाथरवटांनी ते चिरे घडवले त्यांनी मुद्दाम असा हिशोब मांडला होता, का नुसती चढता-उतरता येईल अशी पायरी केली आणि बसणं आपोआप जमून गेलं, ते काही मला सांगता येणार नाही, पण माझ्या आईच्या गुडघ्याला तो हिशोब बरोबर लागला.

आणि दगड. आपला काळा दगड, बेसॉल्ट, सह्याद्रीत दुसरं आहे काय. दुपारी दोन वाजता त्यावर अनवाणी पाय ठेवून बघा, नाचत परत याल. पण पाचनंतर ऊन कललं की तोच दगड शेगडीसारखा कोमट राहतो, दिवसभराचं ऊन साठवून ठेवलेलं असतं त्याने, आणि नदीवरून गार वारा. आई म्हणाली शेकायला बरं आहे, आणि पिशवीतली गरम पाण्याची रबरी पिशवी तिने बाहेरच काढली नाही. टाकीचे घाव अजून दिसतात काही चिऱ्यांवर, बारीक बारीक रेघा, त्या नुसत्या शोभेच्या नसाव्यात, ओल्या पायाला तिथे पकड मिळते. जिथे रोजची ये-जा आहे तिथे मात्र त्या झिजून दगड बशीसारखा खोलगट झालाय. बुडाला ती बशी बरोबर बसते. अडीचशे वर्षांच्या जवळपास लोकांनी बसून बसून केलेलं शिल्प आहे ते, त्यावर कुणाचं नाव नाही.

मेणेश्वराजवळ ती प्रसिद्ध घंटा आहे. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधून ज्या घंटा आल्या त्यातली एक. अंगावर मेरी आणि बाळ येशू कोरलेले. आईने माहेरी असताना ती कित्येकदा बघितलेली, तरी या वेळी परत चष्मा लावून बघितली आणि म्हणाली "लेकुरवाळी आहे बिचारी." बस एवढंच. महादेवाच्या दारात मेरी, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही, हे मला मेणवलीत सगळ्यात जास्त आवडतं.

आता घाट म्हणजे लोकांना वाटतं देवाधर्माची गोष्ट, आंघोळ, पिंडदान वगैरे. ते आहेच. पण मूळ अडचण साधी आहे. आपल्याकडच्या नद्या वर्षभर एका उंचीवर राहत नाहीत, उन्हाळ्यात घोट्याएवढं पाणी आणि आषाढ-श्रावणात तीच नदी दोन पुरुष वर. शिकागोच्या नदीचं पाणी बरंचसं माणसाच्या ताब्यात आहे, ते लोक तर इतके की १९०० मध्ये त्यांनी अख्ख्या नदीचा प्रवाहच उलटा फिरवला, शहराची घाण पिण्याच्या पाण्याच्या तळ्यात जाऊ नये म्हणून. आपण नदी उलटी फिरवली नाही, आपण काठच असा केला की पाणी कुठेही असो, काठ तिथे असतो. भिंत बांधली असती तर मे महिन्यात पाणी भिंतीखाली वीस फूट आणि पावसाळ्यात भिंतीवरून गावात. पायऱ्या केल्या की पाणी एकेक पायरी चढतं, एकेक उतरतं, आणि माणूसही तसाच वरखाली सरकतो. पुराचा जोरही एका जागी आपटत नाही, पायऱ्यांवर मोडत मोडत येतो.

यातली कमाल बघायची तर नरसोबाच्या वाडीला. कृष्णा-पंचगंगेचा संगम, तिथे दत्ताच्या पादुकांचं देऊळच घाटाच्या पायऱ्यांवर आहे. पूर आला की पाणी उत्तरेच्या दाराने आत येतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं, आणि लोक काय करतात, तर दक्षिणद्वार सोहळा म्हणून त्या पाण्यात स्नान करायला गर्दी करतात! पाणी आणखी वाढलं की उत्सवमूर्ती वर हलवतात, उतरलं की परत आणतात. पूर येणार हे गृहीत धरूनच सगळं चालतं. नाशकात तर दुतोंड्या मारुती आहे, रामकुंडाजवळ. गोदावरीला पाणी आलं की नाशिककर आकड्यात विचारत नाहीत, मारुतीच्या गुडघ्याला लागलं का, कमरेला लागलं का, छातीला आलं का असं विचारतात. माझी नाशिकची मैत्रीण अजून पावसाळ्यात मला मारुतीचा फोटो पाठवते आणि खाली फक्त "कंबर" असं लिहिते.

मला राग कुठे येतो सांगते. आम्ही राहतो त्या शहरात (नाव नको, भांडणं नकोत) नदीकाठ "सुशोभित" झालाय. स्टीलचं रेलिंग, त्याच्या आत फरशी, फरशीवर बाक, आणि निम्मे बाक रस्त्याकडे तोंड करून. नदीकडे पाठ! मी आईला एकदा हौसेने घेऊन गेले. ती बाकावर बसली, समोरून बस गेली, मग दुसरी गेली, मग म्हणाली "आपण इथे कुणाची वाट बघतोय का?" मग नदीकडे तोंड असलेला बाक शोधला तर डोळ्यासमोर बरोबर रेलिंगची आडवी दांडी. उभ्या माणसाला नदी दिसते, बसलेल्याला दांडी दिसते. ज्याने कुणी काढलं हे डिझाइन तो त्या बाकावर एकदाही बसला नसणार, मी पैज लावायला तयार आहे. बरं रेलिंगपाशी जाऊन कठड्यावर टेकावं तर शिट्टी. आठला गेट बंद. आणि खाली नदी आहे ती तिथपर्यंत पोचूच नये अशी सरळसोट काँक्रीटची भिंत, पाण्याला हात लावायचा तर दोर सोडावा लागेल.

कुणी म्हणेल, हात कशाला लावायचाय त्या पाण्याला, वास घेऊन बघितलाय का. बरोबर आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. नाला सोडायचा नदीत आणि वर बाक ठेवायचे तर पाठ करून बसलेलंच बरं.

जुने घाट सोन्याचे होते असं मला अजिबात म्हणायचं नाही. एक तर धरायला काही नाही. आईला उतरवताना माझा जीव वर-खाली होत होता. व्हीलचेअरचा तर विषयच नको. या बाबतीत त्या शिकागोवाल्यांना मानलं, भाचीने मुद्दाम झूम करून दाखवलं, पायऱ्यांच्या मधून एक उतरती वाट नागमोडी नेलीये, म्हणजे चाकाची खुर्ची आणि बाबागाडी थेट पाण्यापर्यंत, आणि वेगळ्या कोपऱ्यातून नाही तर बसलेल्या माणसांच्या मधून. आपल्याकडे कुणी जुन्या घाटाला हात लावूच नये पण नवीन बांधताना एवढं करायला काय हरकत आहे. दुसरं म्हणजे शेवाळ. तिसरं म्हणजे घाटावर कुणी कुठल्या बाजूला बसायचं, कुणी पाणी भरायचं आणि कुणी नाही, याचे नियम एकेकाळी काय होते ते आपल्याला माहितीच आहे, पायरी बिचारी सगळ्यांना सारखी असली तरी माणसं नव्हती. आणि चौथं, निर्माल्याच्या प्लास्टिक पिशव्या. मेणवलीतही एक पिशवी पायरीच्या सांध्यात अडकून फडफडत होती, आईने काठीने ओढून काढली आणि आमच्याच पिशवीत टाकली, आणि मग घरी येईपर्यंत मला त्यातल्या झेंडूचा कुजका वास.

भाचीला मी हे सगळं फोनवर सांगितलं तर ती म्हणाली आत्या, सेक्शन काढून पाठव ना, म्हणजे घाट कापल्यासारखा बाजूने कसा दिसेल ते चित्र. मी काढलं वहीच्या पानावर, दहा-बारा पायऱ्या, मध्ये एक रुंद टप्पा, एक आई, एक काठी, आणि विती लिहिल्या बाजूला. तिने ते म्हणे सरांना दाखवलं. सरांनी विचारलं वीत हे कुठलं युनिट.

श्रावणात परत गेलो. आईच्या भावाकडे जायचं होतं, मग मेणवलीला जाऊन येऊ म्हणून तिनेच हट्ट धरला. दोन दिवस आधी धोम धरणाचं पाणी सोडलेलं, नदी गढूळ, भरलेली, चहाच्या रंगाची. माघातली आमची पायरी कुठल्या कुठे खाली गेली होती, मी वाकून शोधायला लागले तर आई म्हणाली कशाला शोधतेस. धुणंवाली तीच होती, तीही तेवढीच वर सरकलेली, आपटायचा दगड तिचा आता दुसरा. तिने आईला ओळखलं आणि हातातला पिळा तसाच धरून हाक मारली, "आज्जी, पाचवी, पाचवी!"

आईने काठीच्या टोकाने पाण्यापासून मोजायला सुरुवात केली. एक, दोन, आणि तिसरीला पाणी येऊन काठी भिजली, म्हणून परत पहिल्यापासून.